तिसऱ्या हाकेला ओ

१

लेकरू घेऊन कुठेही गेलं, की निघताना त्याच्या नावानं तीन हाका मारायच्या, ही आत्याची शिकवण. आत्या म्हणजे माझी सासू. सख्खी आत्याच ती. भावाची मुलगी सून करून घेतली तिनं. "लेकराचं अंग उचलून आणता येतं गं," ती सांगायची, "पण चित्त खेळात रमलेलं असतं, ते तिथंच रेंगाळतं. तीन हाका मार. लेकरानं ओ दिली की चालायला लाग, आणि मागं बघू नको."

मागं बघितलं तर काय होतं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि तिनं आपणहून सांगितलं नाही.

गावाकडे हे सगळं ठीक होतं. इथं अमेरिकेत, क्युपर्टिनोत त्रास व्हायला लागला. मी दाताच्या डॉक्टरांच्या दारात हाका मारायची, दुकानाच्या पार्किंगमध्ये मारायची, बागेतल्या घसरगुंडीपाशी मारायची. लायब्ररीच्या पायरीवर "सिया, चल गं घरी" असं तिसऱ्यांदा ओरडले, तेव्हा आतून दोन बायका धावत आल्या आणि मूल हरवलंय का, काय घातलं होतं, केस कसे आहेत, असं विचारायला लागल्या. सिया माझं बोट धरूनच उभी होती. मी म्हणाले, "यस, थँक यू." मला इंग्रजीत एवढंच नीट येतं. त्यामुळे त्या आणखी घाबरल्या.

"कांचन, इथं माझ्या ऑफिसातले लोक येतात गं," असं आमचे हे म्हणायचे. ह्यांचं नाव देवदत्त. कंपनीत ह्यांच्या हाताखाली सहा माणसं आहेत, आणि सहाही जणांनी मला कधी ना कधी हाका मारताना पाहिलंय.

आणि सिया? सिया पाच वर्षांची. तिन्ही हाकांना तिचं एकच उत्तर असायचं, तेही डोळे फिरवून. "आय ॲम राइट हिअर, मॉम."

तिला मराठी कळायचं थोडं, पण बोलायची नाही. मला इंग्रजी कळायचं थोडं, पण बोलता यायचं नाही. ती शाळेतून आली की पंधरा मिनिटं काहीतरी रंगवून सांगायची, आणि मी मान हलवत राहायची. ती रडत असली तर कशानं रडते हे मला संध्याकाळी साडेसातला, हे घरी आल्यावर कळायचं. पोटच्या पोरीचं रडणं मला असं उशिरा, दुसऱ्याच्या तोंडून मिळायचं.

२

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये मुलांच्या शाळेला आठवड्याची सुट्टी होती, तेव्हा वाळवंटात जायचं ठरलं. लोक वाळवंट बघायला पैसे मोजून जातात हे मला अमेरिकेत येऊन कळलं.

बरोबर राजेश आणि आश्लेषाचं कुटुंब होतं. राजेश ह्यांच्याच कंपनीत. आश्लेषा पुण्याची, दर रविवारी आपल्या गॅरेजमध्ये अकरा मुलांचा मराठी वर्ग घेते. सिया त्या वर्गाला दीड वर्ष जात होती आणि दीड वर्षात 'नमस्टे' म्हणायला शिकली होती. आश्लेषा म्हणायची, "शी इज अ लिसनर, कांचन. धीर धर." त्यांचा मुलगा वीर आठ वर्षांचा, त्याच्या हातात बटणांचा खेळ असतो, मान कायम खाली, त्यामुळे त्याचा चेहरा कसा आहे ते मला अजून नीट माहीत नाही. आणि राजेशचे वडील शशिकांत काका, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेले.

सात माणसं, सात सीटांची भाड्याची गाडी. चालवायला राजेश, शेजारी काका, मधे मुलं, मागच्या बाकावर आम्ही तिघं. राजेशनं कॉम्प्युटरवरून रस्त्याचे त्रेचाळीस कागद छापून आणले होते. आश्लेषा मागून ते वाचायची आणि राजेश म्हणायचा, "माहितीये गं," आणि वळण चुकायचा.

आणखी एक होती, निळी फाइल. सगळ्यांचे पासपोर्ट, व्हिसाचे कागद, कंपनीची ओरिजिनल पत्रं, सगळं तिच्यात. वाळवंटाच्या त्या बाजूला सरहद्दीचे पोलीस कधीकधी गाड्या थांबवतात, असं कुणीतरी राजेशला सांगितलं होतं. फाइल सांभाळायचं काम एकमतानं माझ्याकडे आलं. राजेश म्हणाला, "वहिनी, काळजी करण्यात तुमचा हात कोण धरणार?" मी ती फाइल उशाला घेऊन झोपायची.

बेकर्सफील्ड गेलं, मोहावी गेलं, तिथं गावाबाहेर वाळूत जुनी विमानं ओळीनं उभी होती. पुढची गावं लहान होत गेली. एक पेट्रोलपंप, एक बंद हॉटेल, खुर्चीत एक म्हातारा. मग नुसती खुर्ची.

"हे काय ऊन आहे का बाप्पा?" काका म्हणाले. "आमच्या नागपूरला सकाळी नळाला पाणी येतं ना, तेव्हा याच्यापेक्षा जास्त असतं."

मी दशम्या काढल्या, शेंगदाण्याची चटणी काढली. सियानं नाक दाबलं. "ईऽऽ, मॉम. इट स्मेल्स."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही ताडांच्या बनात पोचलो.

दोन बोडक्या डोंगरांच्या मधे एकदम हिरवं. पन्नासेक झाडं, झऱ्याचं पाणी, त्यावरून लाकडी फळ्यांची वाट. पण ती झाडं आपल्याकडच्यासारखी नव्हती. वाळलेल्या झावळ्या कुणी उतरवल्याच नव्हत्या. वर्षानुवर्षांच्या झावळ्या खाली लोंबत पार जमिनीला टेकल्या होत्या, प्रत्येक झाडाभोवती गोल, जाड. मला वाटलं, प्रत्येक झाडानं आपल्याभोवती एक खोली केलीय आणि दार लावून घेतलंय. वारा अजिबात नव्हता. तरी त्या खोल्यांमधून कुणी केर काढत असल्यासारखा आवाज येत होता, केरसुणी फिरवल्यासारखा. फोटोसाठी आम्ही ओळीनं उभे राहिलो की आवाज थांबायचा.

"उंदीर असतील," हे म्हणाले.

उंदरांना फोटो काढताना गप्प बसायची काय गरज, असं मनात आलं.

सिया आणि वीर लपाछपी खेळायला लागले. सियाच्या बुटांच्या टाचेत दिवे होते. पाऊल टाकलं की लाल चमकायचे. त्यासाठी तिनं दुकानात जमिनीवर लोळण घेतली होती. धावताना ती फळ्यांवर पडली, डावा गुडघा चांगला सोलला. मी पाण्यानं धुऊन पिवळ्या बदकाची पट्टी लावली. ती हमसून हमसून काहीतरी सांगत होती. मला त्यातलं 'हेट' एवढं कळलं. मग ती पाय आपटत झावळ्यांच्या खोलीत शिरली. लाल दिवा दोनदा चमकला आणि दिसेनासा झाला.

"निघू या," राजेश पार्किंगमधून ओरडला. सगळे गाडीकडे गेले. मी वाटेच्या तोंडाशी, बनाकडे पाठ करून उभी राहिले. हाका मारताना पाठच करायची असते.

"सिया, चल गं घरी."

केरसुणीचा आवाज थांबला.

"सिया, चल गं घरी."

रुसलीय, मी मनात म्हटलं.

"सिया, चल गं घरी!"

"ओऽ! आले गं, आई!"

फळ्यांवर पावलं धावत आली आणि एक हात माझ्या हातात शिरला. मी नेमाप्रमाणे चालायला लागले. हात कोरडा होता, गार होता. भर उन्हात बरं वाटलं.

दहा पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की ओ मराठीत आली होती.

४

गाडी सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील. मधल्या सीटवरून आवाज आला. "काका, तुम्हाला ऊन लागतंय का? तो पडदा ओढून घ्या की."

राजेशनं ब्रेकच लावला.

"कोण बोललं?" आश्लेषानं विचारलं.

"मी," सिया म्हणाली. "मीच बोलले, मावशी."

गाडीत जो आनंद झाला तो विचारू नका. आश्लेषाच्या डोळ्यांत पाणी आलं. "दीड वर्ष! दीड वर्ष मी सांगतेय सगळ्यांना, मुलं आतमधे साठवत असतात!" राजेशनं गाडी बाजूला घेऊन कॅमेरा काढला. काका मागं वळून म्हणाले, "काय शुद्ध बोलते पोट्टी! नाहीतर आमचा नातू. मला 'हाय, आबा' म्हणते, आणि पुन्हा खेळात डोकं."

"शाबास राजा," हे म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा चिरकला. ह्यांनाही पाच वर्षांत लेकीनं 'बाबा' हे एक सोडून मराठी शब्द दिला नव्हता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही हसले. पण आश्लेषाच्या वर्गात 'ससा, ससा, कापूस जसा' शिकवतात. 'ओढून घ्या की' शिकवत नाहीत. तो 'की' आमच्या कऱ्हाडकडचा. तो 'की' माझा होता.

५

जेवायला एका छोट्या गावात थांबलो. दुकानाबाहेर लाकडी बाकं होती. गाडीतून उतरून सिया माझ्यापुढे चालत गेली, आणि मी तिच्या टाचांकडे बघत राहिले. एक पाऊल. दुसरं पाऊल.

"अहो, हिच्या बुटाचे दिवे लागत नाहीयेत."

"बॅटरी गेली असेल."

"दोन्ही बुटांची? एकदम?"

"एकदम घेतले, एकदम गेले." हे इंजिनिअर आहेत, ह्यांच्याकडे सगळ्याला उत्तर असतं.

सियानं तीन दशम्या खाल्ल्या. चटणी मागून घेतली. "वाढ गं अजून थोडी," म्हणाली. ज्या पोरीला पाच वर्षं मी पिवळ्या मकरोनीवर वाढवली, ती बोटं चाटत म्हणाली, "आई, तुझ्या हातची चव कुणाला नाही."

कुणा आईला हे ऐकून घाम फुटेल? मला फुटला. जवळ घेतलं तर तिच्या केसांना स्ट्रॉबेरीच्या शॅम्पूचा वास नव्हता. नव्या केरसुणीचा होता.

मी मनाला समजावलं, की झावळ्यांमध्ये खेळली तर झावळ्यांचाच वास येणार. मुलं एक दिवस एकदम बोलायला लागतात, भूक लागली की काहीही खातात. सगळ्याला उत्तर होतं. फक्त उत्तरं फार झाली होती.

"वीर," मी हळूच विचारलं, "सिया... सेम?"

वीरनं पहिल्यांदा मान वर केली. तिच्याकडे बघितलं. मग मला म्हणाला, "शी इज नाइस नाऊ," आणि मान परत खाली घातली.

६

दुपारी मोटेलमध्ये सगळे पोहायला गेले. मी आणि सिया खोलीत राहिलो. खोली थंड होती, पडदे जाड, खिडकीतलं यंत्र घरघरत होतं. मी तिचे बूट काढले. उजव्या बुटातून वाळू पडली. मी बूट झटकला, आणखी पडली. उलटा धरला तर ती बारीक धारेनं पडतच राहिली, गालिच्यावर छोटा ढीग झाला. मोटेलवाले काय म्हणतील, या काळजीनं मी पेपर पसरला. मग तिचा गुडघा बघितला.

पट्टी नव्हती. पडली असेल. पण सोललेलंही काही नव्हतं. गुडघा असा गुळगुळीत, की तो कधी कुठे टेकलाच नसावा.

"आई," ती म्हणाली, "तुझ्या गावाला नदी होती ना?"

"होती की."

"सांग ना."

मग काय झालं ते खरं सांगते. मी बोलायला लागले. नदी सांगितली, पलीकडे नेणारी नाव सांगितली, आमची एक शिंगमोडी शेळी होती ती सांगितली. ती खळखळून हसली, योग्य ठिकाणी हसली. सातवीनंतरची शाळा नदीपलीकडे होती आणि पावसाळ्यात नाव बंद, म्हणून माझं दप्तर गावातच दिलेल्या आत्यानं माळ्यावर टाकलं, हेही सांगितलं.

तिनं माझ्या गालाला हात लावला. "मग तू रडलीस का गं?"

मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. आईनं नाही, ह्यांनी नाही. बाहेर पाण्यात काका ओरडत होते, "आमच्या अंबाझरी तलावात याच्यापेक्षा खोल पाणी आहे!" आणि मी परक्या देशात, परक्या खोलीत, पहिल्यांदा लेकीशी बोलत होते.

तासभर असा गेला. मग मी ग्लासात पाणी ओतून तिच्यापुढे धरलं.

"नको," ती म्हणाली. "तिला दे. तिला तहान लागली असेल."

"कुणाला?"

ती पडद्याकडे बघत राहिली. पडद्यापलीकडे खिडकी, खिडकीपलीकडे रस्ता, आणि तो रस्ता आम्ही आलो तिकडे जाणारा.

मी लगेच उठले असं सांगायला आवडलं असतं. उठले नाही. हातातला ग्लास कोमट होईपर्यंत मी तिच्यासमोर बसून राहिले. एकदा तर मी स्वतःला असंही म्हटलं, की कांचन, काय बिघडलंय? पोर जेवते, बोलते, विचारते. अजून काय हवं?

मग मला 'हेट' आठवलं. काहीतरी सांगत होती ती रडत रडत, आणि ते मला साडेसातला कळायचं होतं. आता साडेसातला मला कोण सांगणार होतं?

पेपरवरची वाळू पायाला लागली तेव्हा बघितलं. बूट आडवा पडला होता आणि ढीग वाढला होता.

७

पोहायच्या तलावापाशी जाऊन 'ही माझी मुलगी नाही' म्हटलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत होतं. ह्यांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं. आश्लेषानं पुस्तक वाचायला दिलं असतं.

म्हणून मी काठावर उभी राहून म्हणाले, "फाइल नाही."

"कुठली फाइल?" राजेशनं हसत विचारलं.

"निळी."

पाणी हलायचं थांबलं.

"वहिनी," राजेश म्हणाला, "सकाळी होती?"

"त्या झाडांमध्ये होती. पट्टी लावताना खाली ठेवली."

"माझाही पासपोर्ट?" काकांनी विचारलं.

"तुमचाही."

"ओरिजिनल पत्रं?" आश्लेषानं विचारलं. "कांचन, ओरिजिनल?"

जन्मभर कुणी माझं एवढं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. सातव्या मिनिटाला गाडी रस्त्याला लागली. राजेश ओल्या चड्डीवर टॉवेल गुंडाळून चालवत होता. हा माणूस रिकाम्या चौकात 'स्टॉप'च्या पाटीपुढे मनात तीन आकडे मोजून मग निघायचा. त्यानं दोन पाट्या बघितल्यासुद्धा नाहीत. भुतांना न मानणारी चार मोठी माणसं त्या गाडीत पांढरीफटक होऊन बसली होती.

फाइल माझ्या कुडत्याच्या आत, सलवारीच्या नाडीत खोचलेली होती. वळणावर तिचा कोपरा बरगडीत रुतायचा.

मधल्या सीटवरून सियानं मान वळवली. "आई," ती हळू म्हणाली, "परत कशाला?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"मी काही चुकले का गं?"

फाइलचा कोपरा मी मुद्दाम बरगडीत दाबून धरला, दुसरं काहीतरी दुखावं म्हणून.

८

चार वाजता उन्हं तिरपी झाली होती. सगळे बनात पसरले. हे ओणवे होऊन फळ्यांखाली बघत होते. काका प्रत्येक झावळीला काठीनं ढोसत होते. आश्लेषा "प्लीज, प्लीज" म्हणत होती, कुणाला ते माहीत नाही. केर काढल्याचा आवाज आता चोहीकडून येत होता, पण तो आता आमचाच आहे असं कुणालाही वाटलं असतं.

मी वाटेच्या तोंडाशी उभी राहिले, बनाकडे पाठ करून. तिचा हात माझ्या हातात. जवळ वीर, मान खाली.

"सिया, चल गं घरी."

"ओ," हातातली म्हणाली.

"सिया, चल गं घरी."

"ओ, आई. मी इथेच आहे ना." हात घट्ट झाला. किती गोड म्हणाली. पाच वर्षं मी इंग्रजीत ऐकलेलं वाक्य.

एक हाक उरली होती. ती जशी मारायची तशी मारली असती, तर ओ कुणी दिली असती हे मला कळून चुकलं होतं. माझ्या मराठीला ओ देणारी माझ्या हातात होती. माझी पोर मराठीला ओ देतच नाही.

माणसांसमोर इंग्रजी बोलायची मला इतकी लाज, की शाळेत बाईंनी सियाबद्दल काय काळजी आहे विचारलं तेव्हाही मी "यस, थँक यू" म्हणून आले होते. मी डोळे मिटले आणि ओरडले, "सिया! कम! युवर मॉम इज हिअर! व्हॉट हॅपन? टेल मी! गो होम!"

"इट्स 'लेट्स गो होम', ऑंटी," वीर म्हणाला.

बनात सगळे आवाज थांबले. काकांची काठीसुद्धा.

आणि पाठीमागून, लांबून, घसा बसलेला, चिडलेला आवाज आला. "फाइन! आय ॲम कमिंग! गॉड, मॉम!"

त्या क्षणी मी आत्याचा नेम मोडला. मागं बघितलं. पूर्ण नाही. खांद्यावरून, जेवढं दिसलं तेवढंच. सगळ्यात आतल्या झाडाच्या झावळ्यांच्या अंधारात एक लाल दिवा चमकला. मग दुसरा. त्यांच्या बाजूला, त्याच खोलीत, आणखी बऱ्याच जणांनी वाट द्यायला सरकावं तशा झावळ्या हलल्या.

माझ्या हातातला हात सुटला नाही. हलका झाला. मी खाली बघितलं नाही, तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. मूठ उघडायला मला फार वेळ लागला. उघडली तेव्हा बोटांतून वाळू सांडली.

सिया धावत समोर येऊन उभी राहिली होती. मळलेली, ओठ सुकलेले, डाव्या गुडघ्यावर बदकाची पट्टी अर्धी सुटलेली. तिनं माझ्या पोटावर बुक्की मारली. "यू लेफ्ट मी! यू टुक सो लाँग!" सगळं कळलं मला. एकेक शब्द कळला.

"हाऊ डिड शी गेट ओव्हर देअर?" वीरनं विचारलं. मग त्याचा खेळ टुंग वाजला.

बुक्की नेमकी फाइलवर बसली होती. मी पाठ वळवून ती ओढून काढली आणि ओरडले, "सापडली!"

राजेशनं गुडघ्यावर बसून माझ्या पायांना हात लावला. टॉवेल सुटायची वेळ आली होती.

९

घरी येऊन तीन आठवडे झाले. सियाचं मराठी गेलं. आश्लेषानं तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं, तर ती म्हणाली "नमस्टे" आणि बसली. आश्लेषा म्हणते, प्रवासाचा ताण. मी गावच्या लायब्ररीत बुधवारी बायकांना इंग्रजी शिकवतात तिकडे जायला लागले. माझ्या हाका ऐकून धावत आलेल्या त्या दोन बायकांपैकीच एक शिकवते. मला बघून पहिल्या दिवशी ती जरा दचकली. आता सिया शाळेतून आली की मी विचारते, "व्हॉट हॅपन?" ती म्हणते, "हॅपन्ड, मॉम," आणि मग सांगते.

आत्याचा फोन येतो. "हाका मारतेस ना गं?"

"मारते," मी म्हणते. मारत नाही. बोट धरते आणि गाडीत बसेपर्यंत सोडत नाही. दुपारी घर रिकामं असलं की कधीकधी 'सिया' हे नाव ओठांपर्यंत येतं. तो हात फार मऊ होता. मी नळ सोडते आणि भांडी घासते.

पण ह्यांना कोण सांगणार? काल शनिवारी दुकानातून बाहेर पडलो. भर दुपार, पार्किंग माणसांनी भरलेलं. हे खुशीत होते, एका हातात दुधाचा कॅन, काखेत तांदळाची पिशवी. सिया माझ्या हाताशी, तोंडात हा एवढा लॉलीपॉप, बुटांचे दिवे लखलखताहेत.

"काय गं, तुझ्या हाका बंद झाल्या हल्ली?" हे म्हणाले. "चुकल्यासारखं वाटतं. थांब, आज मी मारतो." आणि दुकानाकडे पाठ करून, माझा आवाज काढून सुरूच झाले. "सिया, चल गं घरी! सिया, चल गं घरी!"

"अहो, नको," मी म्हणाले.

"सिया, चल गं घरी!"

"ओऽ! आले हं, बाबा!"

ह्यांचा चेहरा असा उजळला, की लग्नातही तसा नव्हता. "ऐकलंस? बोलली! कांचन, परत बोलली!" हे सियाकडे वाकले. "अजून एकदा म्हण ना, राजा."

सियानं लॉलीपॉप तोंडातून काढला. "आय डिडंट से एनिथिंग."

"मग कोण..." हे हसत हसत मागं वळायला लागले.

मी दोन्ही हातांनी ह्यांचे गाल धरले. आठ वर्षांच्या संसारात चारचौघांत मी ह्यांना पहिल्यांदा हात लावत होते, आणि पलीकडच्या गाडीतून ऑफिसातली सहापैकी दोन माणसं बघत होती. बघू देत त्यांना.

"मागं बघू नका," मी म्हणाले.

"अगं, पण का?"

आमच्या गाडीच्या मागच्या बाजूला कुणीतरी जमिनीवर बूट आपटला. एकदा, दोनदा. मग वाळू पडायला लागली, बारीक धारेनं, आणि ती पडतच राहिली.